बेसी स्मिथ : एका आवाजाचें मोल

मनुष्याचें गाणें पूर्वीं त्याच्या देहाला बांधलेलें असे. गवई जेथें बसेल तेथें गाणें. तो उठला कीं गाणें संपलें. एडिसननें १८७७ सालीं फोनोग्राफ तयार केला आणि ही गांठ सुटली. पुढें तबकडीचा ग्रामोफोन आला व कंठांतून निघालेला आवाज दुकानांत मांडून ठेवतां येऊं लागला. वस्तु बाजारांत आली म्हणजे तिच्याबरोबर मालक येतो, भाव येतो, दलालहि येतात. आवाजाचें असेंच झालें. परंतु ज्याच्या कंठांतून तो निघाला त्याच्या पदरीं काय पडलें, हा प्रश्न त्या बाजारांत फारसा कोणीं विचारला नाहीं.

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत बेसी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची कीर्ति शिखरास पोंचली होती. ब्लूज या गायनप्रकाराची सम्राज्ञी म्हणून लोक तिला ओळखत. तिच्या चरित्रांत वरील प्रश्न पदोपदीं उभा राहतो. तिच्या मृत्यूसंबंधीं तर एक करुण कथा पस्तीस वर्षें देशोदेशीं सांगितली गेली, आणि ती खरी नव्हती असें शेवटीं निष्पन्न झालें. दंतकथा दूर सारून खरी हकीकत पाहूं गेलें तर अन्याय कमी दिसतो कीं अधिक, हें तपासून पाहणें हा तिच्या चरित्राच्या अभ्यासाचा मोठा लाभ आहे.

बेसीच्या गाण्याची जात समजून घेतल्याशिवाय तिची थोरवी ध्यानांत यावयाची नाहीं. इंग्रजींत 'ब्लू' म्हणजे निळा; पण मन उदास असणें यालाहि तोच शब्द लावतात. त्या उदासीचें गाणें तें ब्लूज. १८६५ सालीं यादवी युद्ध संपलें व गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली. तथापि दक्षिणेकडील संस्थानांत काळ्या माणसाच्या हातीं जमीन आली नाहीं. तो गोऱ्या जमीनदाराच्या कापसाच्या शेतांत अर्धेलीनें राबूं लागला आणि कर्जांत बुडाला. १८९६ सालीं वरिष्ठ न्यायालयानें 'वेगळें परंतु समान' या तत्त्वावर वर्णभेदास मान्यता दिली. तेव्हांपासून आगगाडीचा डबा, शाळा, नाटकगृह, इस्पितळ, दफनभूमि हीं सर्व वेगळीं करण्यास कायद्याचा आधार मिळाला. समानता मात्र कागदावरच राहिली. शेतांतील कामकऱ्यांच्या आरोळ्या, प्रार्थनामंदिरांतील भजनें आणि गांवोगांवच्या फिरत्या गाणाऱ्यांचीं पदें यांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्लूज आकारास आलें.

त्याची ठेवण साधी आहे. बहुधा बारा मापांचें एक कडवें असतें. पहिली ओळ गायची, तीच दुसऱ्यांदा गायची, आणि तिसऱ्या ओळीनें तिला उत्तर द्यायचें. प्रत्येक ओळ गाणारा अर्ध्यावर सोडतो व उरलेली जागा वाद्य भरून काढतें. ठुमरी गाणारीच्या मागून सारंगीनें बोलावें तसा हा प्रकार असतो. सुरांचें वैशिष्ट्य असें कीं गांधार व निषाद हे धड शुद्धहि नसतात आणि धड कोमलहि नसतात. मधल्याच एका जागीं गाणारा त्यांना धरतो, हालवितो, खालीं ओढतो. पियानोच्या पट्ट्यांवर ती जागा नाहीं. ती केवळ कंठांत, तारेवर किंवा फुंकीच्या वाद्यांत सांपडते. विषय म्हणाल तर घर सोडून गेलेला नवरा, रिकामा खिसा, पूर, तुरुंग, दारू, आगगाडी. आपलें दुःख स्वतःच सांगायचें आणि सांगतांना त्याला थोडें हंसायचें, ही ब्लूजची रीत.

टेनेसी संस्थानांतील चॅटनूगा शहरीं एका दरिद्री कुटुंबांत बेसीचा जन्म झाला. विवाहाच्या वेळीं तिनें १५ एप्रिल १८९४ ही आपली जन्मतारीख लिहून दिली. १९०० च्या खानेसुमारींत मात्र १८९२ सालचा जुलै महिना नोंदलेला आहे. काळ्या मजुराच्या पोरीचा जन्मदिवस नीट टिपून ठेवण्याची गरज त्या काळीं कोणास वाटली नाहीं. बाप मजुरी करी व फावल्या वेळीं धर्मोपदेश करी. तो तिला आठवतहि नव्हता, इतक्या लवकर वारला. ती आठनऊ वर्षांची होते न होते तोंच आईहि गेली. थोरली बहीण व्हायोला लोकांचे कपडे धुऊन भावंडांस पोसूं लागली. बेसी आपला भाऊ अँड्र्यू यास घेऊन रस्त्यावर उभी राही; तो गिटार वाजवी, ती गाई व नाचे. 'पांढरा हत्ती' या नांवाच्या एका मद्यगृहासमोरचा कोपरा ही त्यांची ठरलेली जागा होती. येणाऱ्याजाणाऱ्यांनीं टाकलेल्या नाण्यांवर घरची चूल पेटण्यास हातभार लागे.

दुसरा भाऊ क्लॅरेन्स हा १९०४ सालीं एका फिरत्या खेळवाल्या मंडळीबरोबर निघून गेला होता. १९१२ सालीं तीच मंडळी चॅटनूगास आली तेव्हां त्यानें बहिणीची परीक्षा घेववून तिला मंडळींत घेवविलें. पण गायिका म्हणून नव्हे, तर नाचणारी म्हणून. कारण गाण्यासाठीं मंडळींत मा रेनी ही नामांकित बाई आधींच होती. मा रेनीला पुढें लोक ब्लूजची माता म्हणूं लागले. तिनें बेसीला पळवून नेऊन गाणें शिकविलें, अशी एक आख्यायिका पसरली. तिला आधार नाहीं. मात्र तंबूंत जमलेल्या दमल्याभागल्या मजुरांस एका आवाजाच्या बळावर कसें खिळवून ठेवावें, हें त्या वडील बाईच्या सहवासांत बेसीनें जवळून पाहिलें असलें पाहिजे. त्यानंतर अटलांटा येथील '८१' नांवाच्या नाटकगृहांत तिनें मुक्काम टाकला आणि दक्षिणेंत गांवोगांव फिरून स्वतःचा लौकिक मिळविला. ध्वनिक्षेपक तेव्हां नव्हताच. मोठ्या नाटकगृहाच्या शेवटच्या बांकापर्यंत शब्द पोंचवावयाचा तो छातीच्या जोरावर. आणि बेसीचा शब्द पोंचे.

तबकड्यांचा धंदा या वेळपर्यंत काळ्या गिऱ्हाइकाकडे पाहतहि नव्हता. तो तबकड्या विकत घेईल, अशी कंपन्यांची कल्पनाच नव्हती. पेरी ब्रॅडफर्ड या कृष्णवर्णीय पदकारानें मोठ्या चिकाटीनें ओके कंपनीचें मन वळविलें, आणि १० ऑगस्ट १९२० रोजीं मॅमी स्मिथ या गायिकेनें 'क्रेझी ब्लूज' हें पद मुद्रित केलें. मॅमी व बेसी यांचें आडनांव एक असलें तरी त्यांचें नातें नव्हतें. ती तबकडी हजारोंनीं खपली. आगगाडीवरील कृष्णवर्णीय नोकर अशा तबकड्या गठ्ठ्यांनीं दक्षिणेंत नेत व वाटेंतील गांवीं विकीत. कंपन्यांचे डोळे उघडले. काळ्या गिऱ्हाइकांसाठीं निराळ्या याद्या निघाल्या आणि त्यांना 'वंशाच्या तबकड्या' असें नांव पडलें. ज्या गाण्यास कालपर्यंत कोणी दारांत उभें करीत नव्हतें, त्याचे व्यापारी एकाएकीं वाढले.

तरी बेसीची पाळी लवकर आली नाहीं. १९२१ च्या सुमारास 'ब्लॅक स्वान' या कंपनीनें तिचा आवाज पारखून नाकारला. आश्चर्य हें कीं ही कंपनी कृष्णवर्णीयांनींच चालविलेली होती. आपल्या जातीची सुसंस्कृत बाजू जगापुढें मांडावी, ही तिच्या चालकांची इच्छा. बेसीचें गाणें त्यांना रांगडें वाटलें. दडपलेल्या समाजांतील शिकलेली माणसें आपल्याच अडाणी भावंडांच्या वाणीस लाजतात, हा अनुभव काहीं एका देशापुरता नाहीं.

अखेर १९२३ च्या फेब्रुवारींत कोलंबिया कंपनीच्या फ्रँक वॉकर यानें तिला न्यूयॉर्कास आणविलें. पहिल्या दिवशीं एकहि मुद्रण मनासारखें उतरलें नाहीं. कर्ण्यासमोर उभें राहून मेणावर गाण्याची तिला सवय नव्हती. दुसऱ्या दिवशीं, १६ फेब्रुवारीस, क्लॅरेन्स विल्यम्सच्या पियानोच्या साथीनें 'डाउनहार्टेड ब्लूज' उतरलें. पद अल्बर्टा हंटर व लव्ही ऑस्टिन या दोघींचें होतें. अल्बर्टानें तें आधीं स्वतः गाऊन मुद्रितहि केलें होतें. परंतु बेसीच्या कंठांतून तें बाहेर पडलें तेव्हां लोकांस तें नवेंच वाटलें. सहा महिन्यांत या तबकडीच्या ७,८०,००० प्रती खपल्या, असा आंकडा दिला जातो.

हा आंकडा धरून थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. तबकडीची किंमत ७५ सेंट होती. म्हणजे गिऱ्हाइकांनीं सुमारें ५,८५,००० डॉलर मोजले. बेसीला मिळावयाचे होते ते दर बाजूस १२५ डॉलर, म्हणजे संपूर्ण तबकडीचे २५०. त्यांतलेहि निम्मे क्लॅरेन्स विल्यम्स आपल्या खिशांत घालीत होता, कारण पहिला करार त्याच्या मध्यस्थीनें झाला होता. ही गोष्ट कळतांच बेसी आणि तिचा होणारा नवरा जॅक गी हीं दोघें विल्यम्सच्या कचेरींत शिरलीं आणि शब्दांनीं भागेना तेव्हां हातघाईवर येऊन त्यांनीं तो करार रद्द करून घेतला. मग वॉकरशीं सरळ करार झाला. दलाल गेला, परंतु दर तसाच राहिला. पुढें तो चढून २०० डॉलरपर्यंत गेला. मात्र खपावर टक्केवारी तिला कधींच मिळाली नाहीं. १९३१ पर्यंत कोलंबियानें तिचीं १६० पदें बाजारांत आणलीं. तीं लाखोंनीं खपलीं, पुढेंहि खपत राहिलीं. तिचा संबंध मात्र मुद्रणाच्या दिवशींच संपलेला असे.

तिला हें खटकलें नसेल काय? एक कारण ध्यानांत घेतलें पाहिजे. बेसीच्या दृष्टीनें तबकडी ही जाहिरात होती. खरी कमाई नाटकगृहांत व तंबूंत होती. तबकडी ऐकलेला माणूस तिकीट काढून तिला पाहावयास येई. १९२० नंतर दक्षिणेंतील व मध्य अमेरिकेंतील कृष्णवर्णीय प्रेक्षकांच्या नाटकगृहांचा एक संघ निघाला होता. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ 'काळ्या कलावंतांचा छळ' असा नटमंडळी थट्टेनें करीत. कारण पगार थोडे, खोल्या अंधाऱ्या आणि प्रवासखर्च पदरचा. त्याच संघाच्या नाटकगृहांत बेसी सर्वांत महाग गायिका झाली. भरभराटीच्या काळांत तिला आठवड्यास २,००० डॉलरपर्यंत मिळत. तेव्हांच्या कृष्णवर्णीय कलावंतांत इतकी कमाई क्वचितच कोणाची असेल.

या पैशांतून तिनें १९२५ सालीं एक वस्तु घेतली. ती म्हणजे स्वतःच्या मालकीचा आगगाडीचा डबा. त्यांत निजण्याच्या खोल्या होत्या, स्वयंपाकघर होतें, तंबू व सामान ठेवण्यास जागा होती. हा केवळ श्रीमंतीचा डौल नव्हता. दक्षिणेंत काळ्या माणसास चांगल्या खाणावळींत व उतारघरांत थारा नव्हता. मुलीबाळींसह चाळीसएक माणसांची मंडळी घेऊन अपरात्रीं परक्या गांवीं उतरल्यावर कोठें निजावें, कोठें जेवावें, हा रोजचा प्रश्न होता. बेसीनें तो आपल्या पैशानें सोडविला. कायद्यानें नाकारलेलें छप्पर तिनें चाकांवर बांधून घेतलें. या देशांत अपमान चुकविण्यासहि इतका खर्च करावा लागे.

आवाजाला मात्र दार बंद करतां येत नव्हतें. १९२३ सालींच अटलांटा व मेंफिस येथील नभोवाणीवरून तिचें गाणें प्रक्षेपित झालें. कांहीं नाटकगृहांत केवळ गोऱ्यांसाठीं निराळा खेळ लावीत व तोहि भरून जाई. जी माणसें तिच्या शेजारच्या बांकावर बसलीं नसतीं, तीं आपल्या दिवाणखान्यांत बसून तिचें गाणें ऐकत होतीं.

तिच्या कलेचा उत्कर्ष पाहावयाचा असेल तर १४ जानेवारी १९२५ रोजीं मुद्रित झालेलें 'सेंट लुई ब्लूज' ऐकावें. डब्ल्यू. सी. हँडी यांची ही १९१४ सालची रचना. साथीला दोनच माणसें : पायपेटीवर फ्रेड लाँगशॉ आणि कॉर्नेट या पितळी वाद्यावर तेवीस वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग. पायपेटीचा संथ, प्रार्थनामंदिरांत शोभेल असा सूर खालीं धरलेला आहे. त्यावर बेसी एकेक शब्द सावकाश ठेवते. तानबाजी नाहीं, लाडिकपणा नाहीं. फार थोड्या सुरांत ती फिरते. पण शब्द कोठें तोडावा, श्वास कोठें घ्यावा, गांधार किती खालीं ओढावा, याचा तिचा अंदाज अचूक आहे. ती थांबते तेथें आर्मस्ट्राँगचें वाद्य उत्तर देतें. तीन मिनिटांत दोन थोर कलावंतांचा संवाद संपतो. विद्युत्-मुद्रणाची सोय आली ती कांहीं महिन्यांनंतर. हें सर्व कर्ण्यासमोर उभें राहून केलेलें आहे.

फेब्रुवारी १९२७ मध्यें तिनें 'बॅकवॉटर ब्लूज' हें स्वतःचें पद जेम्स पी. जॉन्सन याच्या पियानोवर मुद्रित केलें. पुरानें घर गमावलेल्या बाईचें हें गाणें. १९२६ च्या नाताळांत नॅशविल शहरास कंबरलंड नदीच्या पुरानें वेढलें होतें, त्या प्रसंगाशीं या गाण्याचा संबंध अभ्यासकांनीं दाखविला आहे. परंतु तबकडी मुद्रित झाल्यावर दोनच महिन्यांनीं मिसिसिपी नदीचा महापूर आला, लक्षावधि लोक निराधार झाले, आणि त्या सर्वांस हें आपलेंच गाणें वाटलें. एका गांवाचें दुःख नेमकें सांगितलें म्हणजे तें दुसऱ्या गांवासहि लागू पडतें.

तिचा स्वभाव तापट, हात सढळ आणि दारूचें व्यसन मोठें. या गोष्टी झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. परंतु त्या तापटपणाचाच एक प्रसंग तिच्या सोबत्यांनीं आठवणीनें सांगितला आहे. १९२७ च्या जुलैंत उत्तर कॅरोलिना संस्थानांत काँकर्ड येथें तिचा तंबू लागला होता. आंत खेळ चालू असतांना कु क्लक्स क्लान या गोऱ्या दहशतवाद्यांच्या टोळीचे बुरखेवाले लोक तंबूचे खुंट उपटूं लागले. बातमी कळतांच बेसी बाहेर आली. मंडळींतले पुरुष मागें सरले. ती एकटी मूठ उगारून, शिव्यांची लाखोली वाहात त्यांच्या अंगावर धांवून गेली. बुरखेवाले चकित होऊन अंधारांत निघून गेले, आणि ती आंत येऊन पुन्हां गाऊं लागली.

१९२९ हें वर्ष तिला फिरलें. नवऱ्यानें तिच्याच पैशांतून दुसऱ्या एका गायिकेचा खेळ उभा केल्याचें तिला कळलें आणि संसार मोडला. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत तिनें विपन्नावस्थेंत मित्र कसे दुरावतात या विषयावरचें जिमी कॉक्सचें प्रसिद्ध पद मुद्रित केलें. ऑक्टोबरांत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. लोक तें गाणें ऐकून तिनें भविष्य वर्तविलें असें म्हणूं लागले. वस्तुतः तें पद १९२३ सालचें होतें. त्याच वर्षीं 'सेंट लुई ब्लूज' या नांवाचा एक छोटा बोलपट निघाला. तिचें गातांना टिपलेलें चलच्चित्र तेवढेंच शिल्लक आहे.

मंदीचा पहिला घाला गरिबांच्या करमणुकीवर पडला. ज्याला भाकरीची भ्रांत तो ७५ सेंटांची तबकडी कोठून घेणार? बोलपटांनीं नाटकगृहें गिळलीं, घरोघरचा रेडिओ फुकट गाऊं लागला, नाटकगृहांचा संघ बुडाला. १९३१ सालीं कोलंबियानें तिला निरोप दिला. आतां टक्केवारी नसल्याचा खरा अर्थ तिला कळून आला असेल. आठ वर्षांच्या १६० पदांतून येणारें थोडें थोडें उत्पन्न त्या पडत्या काळांत तिला तारूं शकलें असतें. पण असें उत्पन्नच नव्हतें. २४ नोव्हेंबर १९३३ रोजीं जॉन हॅमंड या तरुण गोऱ्या रसिकानें ओके कंपनीसाठीं तिचीं चार पदें मुद्रित करविलीं. दर पडला पदास साडेसदतीस डॉलर. तींच तिचीं शेवटचीं मुद्रणें. तीन दिवसांनीं हॅमंडनेंच बिली हॉलिडे नांवाच्या अठरा वर्षांच्या मुलीचें पहिलें गाणें मुद्रित करविलें. एक पिढी मावळत होती आणि दुसरी उगवत होती.

बेसी मात्र थांबली नव्हती. नव्या स्विंग चालीचीं पदें ती गाऊं लागली होती आणि तिचा पुन्हां जम बसत होता. २६ सप्टेंबर १९३७ च्या पहाटेपूर्वीं ती आपला सोबती रिचर्ड मॉर्गन याच्याबरोबर मोटारीनें मेंफिसहून मिसिसिपींतील क्लार्क्सडेलकडे चालली होती. काळोखांत त्यांची गाडी पुढच्या एका मालमोटारीवर आदळली. बेसीचा उजवा हात कोपराशीं जवळजवळ तुटला आणि उजव्या कुशीस आंतून जबर मार बसला. थोड्याच वेळांत मासे धरावयास निघालेले मेंफिसचे गोरे शस्त्रवैद्य डॉ. ह्यू स्मिथ तेथें पोंचले. त्यांनीं तिला तपासलें, आपल्या मित्राला जवळच्या घरीं अँब्युलन्स बोलाविण्यास धाडलें, आणि गाडी येईना तेव्हां स्वतःच्याच मोटारींत तिला न्यावें म्हणून ते मागील सामान काढूं लागले. इतक्यांत भरधांव आलेली दुसरी मोटार त्यांच्या गाडीवर आदळली व तो मार्गहि खुंटला. मग अँब्युलन्स आल्या. बेसीला क्लार्क्सडेल येथील कृष्णवर्णीयांच्या जी. टी. थॉमस इस्पितळांत नेलें. तेथें तिचा हात कापावा लागला. दुपार होण्यापूर्वींच तिचा अंत झाला.

नोव्हेंबर महिन्यांत हॅमंडनें 'डाउन बीट' या संगीतविषयक मासिकांत लेख लिहिला. गोऱ्यांच्या इस्पितळानें तिला दारांतून परत पाठविलें व त्यांत रक्तस्राव होऊन ती गेली, अशी वाद्यवृंदांतील मंडळींकडून कानीं आलेली वार्ता त्यानें त्यांत दिली. वार्ता ऐकीव होती, पण वणव्यासारखी पसरली. एडवर्ड अल्बी या नाटककारानें याच घटनेवर लिहिलेलें नाटक १९६० सालीं बर्लिन येथें प्रथम रंगभूमीवर आलें. १९७२ सालीं ख्रिस अल्बर्टसन यानें बेसीचें चरित्र प्रसिद्ध केलें. त्यासाठीं त्यानें डॉ. स्मिथ यांची समक्ष गांठ घेतली, आणि तेव्हां वरील हकीकत जगास कळली. गोऱ्यांच्या इस्पितळाच्या दारापर्यंत बेसीला नेलेंच नव्हतें.

वरवर पाहतां या शोधानें अन्यायाचा आरोप पुसला गेला असें वाटतें. विचारांतीं तसें दिसत नाहीं. दंतकथेंत एक खलपुरुष आहे, एक बंद दार आहे. ऐकणारा दोन आसवें गाळतो, त्या दारवानास शिव्या देतो आणि मोकळा होतो. खऱ्या हकीकतींत दार कोणीं बंद केलें नाहीं, कारण त्या दाराशीं जाण्याचें कोणाच्या मनांतहि आलें नाहीं. काळ्या बाईस गोऱ्यांच्या इस्पितळांत नेण्याचा विचार त्या प्रांतांतील एकाहि अँब्युलन्सवाल्यास शिवला नसता, हें डॉ. स्मिथ यांनींच स्पष्ट केलें आहे. नकार देण्याची पाळीच येऊं नये, इतकी ती व्यवस्था लोकांच्या अंगीं मुरलेली होती. जखमा अशा होत्या कीं कोठेंहि नेलें असतें तरी ती वांचती याचा भरंवसा नव्हता. अमेरिकेंतील पहिली रक्तपेढी शिकागोच्या इस्पितळांत त्याच वर्षीं निघालेली होती. परंतु प्राण कंठाशीं आले असतांहि कोणतें इस्पितळ जवळचें, कोणतें चांगलें, असा प्रश्न न पडतां कोणतें काळ्यांचें हाच प्रश्न पडावा, यांत सर्व आलें. यास एखादा दुष्ट मनुष्य लागत नाहीं. नेहमींच्या वाटेनें जाणारीं साधीं माणसें पुरतात. सहानुभूतीपोटीं सांगितलेलें खोटें या व्यवस्थेस सोपें जातें, कारण खोटें उघड पडलें कीं ती निर्दोष सुटते. म्हणून मृतांच्या कैवाऱ्यांनीं तरी खऱ्याचीच कांस धरावी.

तबकड्यांच्या कराराचेंहि असेंच आहे. वॉकरनें तिला लुबाडलें असें म्हणून भागत नाहीं. तिला वर्षानुवर्षें संधि देणारा तोच होता. दर बाजूस ठोक रक्कम देऊन टाकणें ही त्या धंद्याची चालत आलेली वहिवाट होती, आणि तिचा जांच काळ्या गाणारांस सर्वांत अधिक झाला. तेथेंहि दार कोणीं बंद केलेलें नव्हतें. हिश्शाचें दार कोणाच्या नजरेसच आलें नव्हतें.

फिलाडेल्फियांत तिचें शव दर्शनास ठेवलें तेव्हां सुमारें १०,००० लोक लोटले. ४ ऑक्टोबर १९३७ रोजीं शहराबाहेरील माउंट लॉन दफनभूमींत तिला पुरलें. थडग्यावर दगड नव्हता. त्यासाठीं पैसे जमविण्याचे प्रयत्न झाले. दगड बसला नाहीं. अशीं तेहतीस वर्षें गेलीं. या काळांत तिचीं पदें वेळोवेळीं पुन्हां बाजारांत येत होतीं. न्यू ऑर्लीन्समध्यें लहानपणीं तिच्या तबकड्या ऐकून वाढलेली महेलिया जॅक्सन जगद्विख्यात भजनगायिका झाली होती. १९७० सालीं कोलंबियानें तिचीं सर्व पदें नव्यानें काढण्याचें मनावर घेतलें आणि त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें थडग्यास दगड मिळाला. त्याचा खर्च दोघींनीं केला. एक गोरी गायिका जॅनिस जॉप्लिन, जी स्वतः त्यानंतर दोन महिन्यांत वारली; आणि दुसरी फिलाडेल्फियाची कृष्णवर्णीय समाजकार्यकर्ती वॉनिटा ग्रीन. ही वॉनिटा लहानपणीं बेसीच्या घरची फरशी पुशी. एकदां तिनें हौशी मुलांच्या खेळांत गाणें म्हटलें. बेसीनें तिला शाळेंत जातेस काय म्हणून विचारलें, आणि शाळाच धरून ठेव, तुला सूर नाहीं, असें रोखठोक सांगितलें. मुलीनें तें ऐकलें, शिकली, स्वतःच्या पायांवर उभी राहिली, आणि तो कटु पण हितकर शब्द मनांत ठेवून तिनें दगडाचा अर्धा भार उचलला.

ज्या इस्पितळांत बेसीचा अंत झाला त्याचें १९४४ सालीं उतारघर झालें. दुसरीकडे थारा न मिळणारे अनेक कृष्णवर्णीय कलावंत तेथें उतरत. १९९४ सालीं अमेरिकेच्या टपालखात्यानें बेसीच्या चित्राचें तिकीट काढलें. २००२ च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या यादींत 'डाउनहार्टेड ब्लूज' जतन करावयाचें म्हणून नोंदलें गेलें. सरकारनें मान दिला, कंपनीनें नफा घेतला, रसिकांनीं आनंद घेतला. ज्या कंठानें हें सर्व दिलें त्याच्या पदरीं मुद्रणाच्या दिवसाची मजुरी पडली. बेसीची तबकडी लावतांना हा हिशेब ऐकणाऱ्यानें मनांत ठेवला, तर गाण्याचा आनंद उणा होत नाहीं. त्याचें मोल मात्र नीट कळतें.